रिकामा पाय

“उद्यापासून मी सकाळी ताई ची शिकायला जाणार आहे,” असे मी घरात जाहीर केले, तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “ताईची काय?” मी पुन्हा सांगितले, “ताई ची.” “अगं, तेच विचारतेय. कुठल्या ताईची, आणि काय?” पुढचे चार दिवस आमच्या घरात दुसरा विनोद झाला नाही. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे आहेत आणि सगळे त्यांना काका म्हणतात हे कळल्यावर माझ्या भाच्याने तर “मग हे काकाची झालं!” असा निकालच देऊन टाकला. एखादी चिनी विद्या मराठी घरात शिरताना तिला षष्ठीचा प्रत्यय लागावा, याला कोण काय करणार!

विनोद सोडला तर मी तिकडे गेले ती हौसेने नव्हे. पडले म्हणून गेले. शाळेच्या जिन्याची शेवटची पायरी संपली असे माझ्या पायाला वाटले आणि ती संपलेली नव्हती, एवढीच हकीकत. उजवे मनगट मोडले. चित्रकलेच्या शिक्षिकेचे उजवे मनगट! सहा आठवडे मी फळ्यावर डाव्या हाताने आंबा आणि लोटा काढत होते आणि पाचवीची मुले मनापासून आनंदात होती. बाईंचा आंबा आपल्यापेक्षा वाईट येतो हे सुख त्यांना यापूर्वी कधी लाभले नव्हते.

प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांनी मला एका पायावर उभे राहायला सांगितले. राहिले. मग म्हणाले, आता डोळे मिटा. मिटले, आणि तीन अंक मोजायच्या आत त्यांच्या टेबलाला धरले. सत्तेचाळीस वर्षांचे वय, अंगात काही दुखणे नाही, आणि तीन अंक! डॉक्टर बोलके होते. त्यांनी समजावून सांगितले की शरीराचा तोल तीन साक्षीदारांच्या जबानीवर चालतो. एक डोळे, दुसरा आतला कान, त्यातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांत द्रव असतो आणि डोके कलले की तो हलतो, आणि तिसरे साक्षीदार म्हणजे तळपाय, सांधे, स्नायू, जे खालून सतत कळवत असतात की जमीन कुठे आहे आणि आपण तिच्यावर कसे आहोत. मेंदू या तिघांचे ऐकतो आणि निवाडा करतो. “तुम्ही सगळा भरवसा डोळ्यांवर टाकला आहे,” ते म्हणाले, “पायांचं ऐकणं तुम्ही सोडून दिलंय.”

हे वाक्य मला लागले. कारण तोल या विषयात आपल्याला कोणी काही शिकवावे असे मला वाटत नव्हते. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, जुन्या भाषेत मी मॅट्रिक. त्यावर चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत लागले, आणि उरलेल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. त्या कादंबऱ्यांविषयी ज्या थोड्या लोकांनी लिहिले त्यांनी प्रत्येक वेळी एकच विशेषण वापरले: समतोल. लेखिका कोणाची बाजू घेत नाही, सासूलाही समजून घेते आणि सुनेलाही. शाळेतही माझी तीच ख्याती. दोन शिक्षकांचे भांडण झाले, दोन पालक हमरीतुमरीवर आले, की मुख्याध्यापक म्हणत, “ड्रॉइंगच्या बाईंना बोलवा, त्या समतोल आहेत.” खोटे कशाला बोलू, या विशेषणाचा मला अभिमान होता. आणि तीन अंकांच्या आत मी डॉक्टरांचे टेबल धरले होते.

आमच्या घराजवळच्या बागेत काका शिकवतात. मूळचे रत्नागिरीकडचे. जहाजावर इंजिनिअर म्हणून हयात घालवली, मध्ये काही वर्षे सिंगापुरात किनाऱ्यावरची नोकरी होती, तिथे एका वृद्ध चिनी गृहस्थापाशी ही विद्या शिकले. फी घेत नाहीत. फक्त उशिरा येणाऱ्याकडे असे पाहतात की फी परवडली असती.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, “सरळ उभ्या राहा, बाई.” मी उभी राहिले. छाती पुढे, खांदे मागे, गुडघे घट्ट, टाचा जुळलेल्या. पंचवीस वर्षे मुलांना ‘सावधान’ करून उभे करणारी मी. उभे राहायचे कसे हे मला ठाऊक नसेल तर कोणाला? काकांनी माझ्या खांद्याला एक बोट लावले. खरोखर एकच बोट. मी दोन पावले मागे गेले.

“हे ताठ झालं,” ते म्हणाले. “सरळ नाही झालं.”

आपल्या भाषेत ताठ हा शब्द फार मजेशीर आहे. ताठ म्हणजे सरळही आणि ताठ म्हणजे गर्विष्ठही. लहानपणी मी शाळेतून येताना मान वर करून चालत असे तेव्हा आजी म्हणायची, मुलीच्या जातीने इतकं ताठ चालू नये. म्हणून मी वाकून चालायला शिकले. मग शिक्षिका झाले आणि मुलींना म्हणू लागले, ताठ बस, पोक काढू नकोस. अशा रीतीने एका आयुष्यात मला दोन प्रकारचे उभे राहणे शिकवण्यात आले, एक वाकलेले आणि एक ताठ. तिसरा काही प्रकार असू शकतो हे सत्तेचाळिसाव्या वर्षी एका निवृत्त इंजिनिअरच्या बोटाने मला कळले.

तो तिसरा प्रकार असा. गुडघे किंचित सैल. कंबरेखालचे माकडहाड जणू एखाद्या वजनाच्या खड्यासारखे खाली सोडलेले. खांदे उतरलेले. आणि डोक्याचा मध्य वरून कोणी दोऱ्याने धरला आहे असे. दोऱ्याची ही कल्पना चिनी गुरू आपल्या शिष्यांना फार जुन्या काळापासून देत आले आहेत. काकांनी ती सांगितली आणि मला एकदम आकाशकंदील आठवला. कंदील सरळ असतो, पण ताठ नसतो. वाऱ्याने डोलतो आणि पुन्हा जागेवर येतो, कारण त्याला जे धरले आहे ते वरून धरले आहे. खालून काठीवर खोचलेल्या कंदिलाची काय अवस्था होते ते ज्याने एकदा तरी गच्चीवर तसा खोचून पाहिला आहे त्याला सांगायला नको.

तीन आठवडे काकांनी आम्हांला नुसते उभे केले. मला आधी राग आला, मग कंटाळा, आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. स्थिर उभे राहिलेला माणूस स्थिर नसतोच. घोट्यांतून तो सारखा किंचित पुढे, किंचित मागे झुलत असतो. तोल जरासा जातो, तळपाय तो परत आणतात, पुन्हा जातो, पुन्हा आणतात. आपण ज्याला उभे राहणे म्हणतो ती या असंख्य बारीक दुरुस्त्यांची बेरीज आहे. ज्याला ही झुळूक नकोशी वाटते तो गुडघे आवळतो आणि खांब होतो. पंधरा ऑगस्टला मैदानावर दरवर्षी एकदोन मुले चक्कर येऊन पडतात, ती बहुधा यामुळेच. पायाच्या पोटऱ्या हलल्या नाहीत तर रक्त खालीच साचते, मेंदूला कमी पडते, आणि सर्वांत शिस्तीत उभा असलेला मुलगा सर्वांत आधी कोसळतो. मी इतकी वर्षे त्यांना “सकाळी खाऊन येत नाही” म्हणून रागावत आले.

या विद्येच्या कुळाविषयी थोडे सांगते. फार सांगत नाही, कारण तिच्या नावावर दंतकथाही पुष्कळ आहेत. डोंगरावरच्या कोणा साधूने बगळा आणि साप यांची झुंज पाहिली आणि त्यावरून ती रचली, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात. इतिहास अभ्यासणारे ती मानत नाहीत. जिथवर माग लागतो तिथे चीनच्या हनान प्रांतातले चेन्जियागोऊ नावाचे खेडे आहे, चेन आडनावाच्या लोकांचे. सतराव्या शतकात तिथल्या चेन वांगटिंग नावाच्या लढवय्याने आपल्या घराण्याला हे शिकवले असे परंपरा सांगते. पुढे यांग लुचान (१७९९–१८७२) नावाचा बाहेरचा माणूस त्या गावात शिकला आणि त्याने ही विद्या पेकिंगला नेली. म्हणजे ही मुळात लढाईची विद्या. पूर्ण नावात ‘मूठ’ या अर्थाचा शब्दही आहे. १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडाखात्याने सर्वसामान्यांसाठी तिचा २४ हालचालींचा छोटा पाठ बसवला. बागेत आम्ही करतो तो हाच, पाचसहा मिनिटांत संपतो. २०२० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचे नाव घातले. आणि नावातला ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती, असे जे पुष्कळांना वाटते, ते बरोबर नाही. तो शब्द निराळा. या ‘ची’चा अर्थ टोक, परमसीमा; आणि ते अक्षर मूळचे घराच्या आढ्याचे. आढ्याच्या एका बाजूला छपराची ही उतरंड, दुसऱ्या बाजूला ती. मला हे कळले तेव्हा फार बरे वाटले. कोकणातल्या काकांना तर आढे काय ते सांगायलाच नको.

पडण्यावर तिचा उपयोग होतो का, हे ज्यांना विचारायचे असेल त्यांच्यासाठी एवढेच सांगते की अमेरिकेत ऑरेगनमध्ये कंपवाताच्या १९५ रुग्णांवर २४ आठवडे हा प्रयोग झाला. काहींना ताई ची, काहींना वजनाचा व्यायाम, काहींना नुसते अंग ताणणे. तोल राखण्यात ताई चीवाले सर्वांत पुढे राहिले. २०१२ साली ते प्रसिद्ध झाले. आमच्या बागेतल्या पंच्याहत्तर वर्षांच्या आजी हे न वाचताच रोज येतात.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येते.

चौथ्या आठवड्यात काकांनी चालायला शिकवले. वाचकांना वाटेल, चालायला काय शिकवायचे? मलाही तसेच वाटले. पण ताई चीतले चालणे म्हणजे मांजराचे चालणे. सगळा भार एका पायावर घ्यायचा, पूर्ण, शेवटच्या शेरापर्यंत. दुसरा पाय इतका रिकामा व्हायला हवा की कोणी खालचा कागद ओढून घेतला तरी कळू नये. मग तो रिकामा पाय पुढे टेकवायचा, टाच आधी, जमीन चाचपून. आणि मग हळूहळू, घागरीतून घागरीत पाणी ओतावे तसा भार त्याच्यात ओतायचा. भरलेला पाय, रिकामा पाय. पुन्हा भरलेला, पुन्हा रिकामा.

मला काही केल्या ते जमेना. माझे दोन्ही पाय अर्धे भरलेलेच राहत. सुरक्षित वाटते ना तसे! उजव्यावर सगळे टाकायचे आणि तो दगा देईल तर? म्हणून थोडे डाव्यावर राखून ठेवायचे. काका बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बाई, चिनी भाषेत याला दुहेरी भार म्हणतात. हा या विद्येतला सगळ्यात मोठा दोष.”

मी चकित झाले. “दोन्ही पायांवर सारखा भार, हा दोष? मग समतोल कशाला म्हणायचं?”

ते म्हणाले, “दोन्हीवर सारखा भार असेल तर आता तुम्ही कुठला पाय उचलणार?”

मी पाहिले. कुठलाच उचलता येत नव्हता. उचलायचा तर आधी एकावर जायला हवे. मी अगदी पक्की उभी होते आणि जागची हलू शकत नव्हते. काकांनी पुन्हा ते बोट लावले. पुढे काय झाले ते सांगत नाही.

वांग त्सुंगयुए या नावावर जो जुना चिनी लेख सांगतात, त्यात या दोषाचा उल्लेख आहे; वर्षानुवर्षे कसून मेहनत केलेला माणूसही दुसऱ्याच्या हातून मार खातो तो या एका रोगामुळे, असा त्याचा आशय. या शब्दाच्या अर्थावर तिकडच्या जाणत्यांतही वाद आहेत. पण मला माझ्यापुरता अर्थ पुरेसा कळला. आपल्याकडे तो फार सोप्या भाषेत म्हणतात, दोन दगडांवर पाय. गंमत अशी की ही म्हण मी वर्गात शेकडो वेळा शिकवली असेल, पण ती लबाड माणसाविषयी आहे असे समजून. सज्जन माणसाविषयी ती असू शकेल हे माझ्या डोक्यात कधी आले नाही.

खरे म्हणजे चित्रकलेच्या शिक्षिकेला हे आधीच कळायला हवे होते. माणसाची आकृती शिकवताना मी पहिल्याच दिवशी सांगते की दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभा केलेला माणूस कागदावर बाहुलीसारखा दिसतो. एका पायावर भार द्या. त्या बाजूची कंबर वर जाते, खांदा खाली येतो, मान कलते, आणि चित्र श्वास घेऊ लागते. ग्रीक शिल्पकारांना हे इसवी सनापूर्वी ४८० च्या सुमारास गवसले. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर सापडलेली एका मुलाची संगमरवरी मूर्ती आहे, तिच्यात दगड पहिल्यांदा एका पायावर रेलतो. आपल्याकडे त्रिभंग आहेच. मुरली वाजवणारा कृष्ण दोन्ही पायांवर सारखा उभा केला तर त्याची मुरली ऐकू येईल का? ताई चीतही ‘पांढरा बगळा पंख पसरतो’ अशा नावाची एक स्थिती आहे. सगळा भार उजव्या पायावर, डाव्याची चवड जमिनीला नुसती लागलेली. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी मनातल्या मनात कागद शोधला.

इथे कोणीही मराठी वाचक मला थांबवील आणि विचारील, मग आमचा विठोबा? तो तर विटेवर समचरण उभा आहे. दोन्ही पाऊले सारखी, कर कटीवर. त्याला तुमचे काका दोष देणार काय? मी हा प्रश्न खरोखरच काकांना विचारला. ते वारकरी घराण्यातले. क्षणभर थांबून म्हणाले, “तो उभा कशासाठी आहे?” पुंडलिकाची सेवा संपेपर्यंत तो थांबला आहे. ते वाट पाहणाऱ्याचे उभे राहणे आहे. ताई चीचा पाठही समचरणानेच सुरू होतो आणि समचरणानेच संपतो. काही करण्यापूर्वी माणसाने तसे उभे राहावे. दोन्ही बाजू ऐकेपर्यंत, जमीन कळेपर्यंत राहावे. पण पाऊल टाकायची वेळ आली आणि तरीही मी समचरणच आहे असे म्हणत राहिले, तर ती भक्ती नव्हे.

त्या सकाळी घरी परतताना मला माझी एक जुनी गोष्ट आठवली. आठवली म्हणणे खरे नाही. ती विसरलेली नव्हतीच.

बारा वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे सहलीसाठी गोळा केलेल्या पैशांत चार हजार रुपये कमी भरले. कपाट शिक्षकांच्या खोलीतले. किल्ली एका ज्येष्ठ शिक्षकांकडे असे आणि ते ती टेबलावर टाकून ठेवीत. संशय शिपायावर गेला. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. चौकशीला तिघांची समिती नेमली, आणि समतोल म्हणून त्यात मी.

त्या दिवशी दुपारी मामा शाळेत नव्हते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे अर्ज द्यायला मीच त्यांना परीक्षा-केंद्राच्या शाळेत पाठवले होते. ते दीडला गेले आणि शाळा सुटताना परतले. पैसे सकाळी मोजून ठेवले होते आणि त्याच दुपारी कमी झाले होते, एवढे सर्वांना मान्य होते. हे मला माहीत होते, आणि मला माहीत आहे हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते. मामांनी सांगितले होते, मी बाईंच्या कामाला गेलो होतो. पण कुठल्या बाईंच्या, हे त्यांना कोणी विचारले नाही.

अहवाल मी लिहिला, कारण माझी भाषा बरी. त्यातली वाक्ये मला अजून पाठ आहेत. ‘शिपाई दुपारी काही काळ शाळेबाहेर होते असे समजते.’ ‘किल्ली ठेवण्याबाबत पुरेशी दक्षता घेतली गेली नाही.’ ‘उभय बाजूंनी हलगर्जीपणा झालेला दिसतो.’ यात एकही वाक्य खोटे नव्हते. ज्येष्ठ शिक्षकांनी पैसे घेतले असे मी म्हणत नाही. ते मला तेव्हाही माहीत नव्हते, आजही नाही. पण मामांनी घेतले नाहीत हे मला नक्की माहीत होते, आणि त्या संपूर्ण अहवालात ते कुठेही नव्हते. मी नवी होते, नोकरी कायम व्हायची होती, ज्येष्ठांचे वजन मोठे होते. पण त्या वेळी मी स्वतःला असे काही सांगितले नाही. मी सांगितले की आपण दोन्ही बाजूंना न्याय दिला.

निकालही समतोल लागला. दोघांनी निम्मे निम्मे भरावे. ज्येष्ठ शिक्षकांनी त्याच दिवशी खिशातून दोन हजार काढले, हसत हसत, आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. मामांच्या पगारातून दोनशे रुपयांप्रमाणे दहा महिने कापले गेले. दर महिन्याला पगाराच्या दिवशी मी वर्गातच बसून राही.

तराजूची दोन्ही पारडी सारखी झाली की दुकानदाराचे काम संपते. माणूस तराजू आहे असे आपण का धरून चालतो? तराजूला कुठे जायचे नसते.

कोणी म्हणेल, बाई, आज तर अडचण उलटीच आहे. जो तो एका पायावर उभा राहून दुसऱ्याच्या नावाने ओरडतो आहे. आता तुम्ही आणखी बाजू घ्यायला शिकवणार? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर मला पूर्ण सापडले आहे असेही नाही. पण बागेत मला एवढे दिसले. एका पायावर उभे असणे वेगळे आणि पाय रुतलेला असणे वेगळे. ताई चीत भरलेला पाय पुढच्या क्षणी रिकामा व्हायला तयार असावा लागतो, आणि कणा मात्र मधे सरळच राहावा लागतो. भार कुठल्याही पायावर जावो, डोक्यावरचा दोरा सुटता कामा नये. जे ओरडत असतात त्यांचा बहुधा कणाच एका बाजूला झुकलेला असतो. आणि संधिसाधू जे करतो ते मांजराचे चालणे नव्हे. तो मुलांच्या तळ्यात-मळ्यातल्या उड्या मारतो, जमीन न चाचपता, कोणी हाळी देईल तिकडे.

याचा अनुभव घ्यायचा तर ताई चीतला हात ढकलण्याचा खेळ पाहावा. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, मनगटाला मनगट टेकवायचे, आणि एकमेकांचा जोर ओळखायचा. विरोध करायचा नाही आणि मनगट सोडायचेही नाही. माझ्या जोडीला कॉलेजात जाणारी एक किरकोळ अंगाची मुलगी होती. मी ताठरले की तिला धरायला खांब मिळे आणि ती मला सहज उलथी. मी अंग चोरून मागे झाले तरी उलथी. जिथे मी एका पायात पूर्ण बसले आणि तिचा जोर ऐकत राहिले, तिथे एकदाच, एकदाच हं, तीच दोन पावले मागे गेली आणि खळखळून हसली. वादात इतके नीट ऐकून घेणारा आणि तरीही आपल्या पायावर उभा असलेला माणूस मी कादंबरीत लिहिलेला नाही. माझी सगळी पात्रे एक तर ताठ आहेत नाही तर वाकलेली. लिहिणारी तशी होती.

गेल्या नवरात्रात मी जुन्या शाळेत गेले. मुख्याध्यापक नवे. त्या दुपारी मामा कुठे होते आणि त्यांना कोणी पाठवले होते, हे एका कागदावर लिहून, सही करून, मी त्यांना दिले आणि जुन्या अहवालाला जोडायला सांगितले. त्यांनी तो वाचला. “बाई, आता कशाला?” म्हणाले, पण ठेवून घेतला. माणूस चांगला वाटला.

मग मामांच्या घरी गेले. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत. गुडघे गेले आहेत, दाराशी खुर्चीत बसून असतात. मला ओळखून उठू लागले, मी बसवले. पिशवीत दोन हजार रुपये होते, ते काढायचा धीर होईना आणि ते पुरेसे नव्हते हेही दिसत होते. मी सहल, कपाट, समिती असे काहीतरी बोलायला सुरुवात केली.

ते मधेच म्हणाले, “बाई, त्या दिवशी तुम्हीच पाठवलं होतं ना मला, फॉर्म घेऊन? मला वाटलं, तुम्हांला आठवत नसेल. इतकी कामं असतात तुम्हां लोकांना.”

बारा वर्षे त्यांनी माझ्यासाठी हे कारण सांभाळून ठेवले होते. त्यावर थोडासा भार टाकून मी सुखाने परत येऊ शकले असते.

“आठवत होतं, मामा,” मी म्हणाले.

ते काही वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. मग मान आत वळवून त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितले.